स्टेज टूनंतर घाटात झटके: क्लच बदलायच्या आधी काय बघायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २०१८ ची ऑक्टाव्हिया आरएस, ६४ हजार किलोमीटर. दीड वर्षापूर्वी डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), इनटेक (हवा आत घेणारा भाग) आणि १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर बसवलेला स्टेज टू मॅप, म्हणजे या भागांच्या जोडीने ताकद वाढवणारं इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर. रोज कोथरूड ते हिंजवडी, सुट्टीला ताम्हिणी नाहीतर महाबळेश्वर. आता तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की साडेचार हजार आरपीएमच्या वर गाडी झटके देते. दोन हजार किलोमीटरमागे लिटरभर ऑइल टाकावं लागतं. गिअरबॉक्सचं ऑइल अजून एकदाही बदललेलं नाही. आणि एका गॅरेजने क्लच पॅक आणि मोठा हाय प्रेशर पंप (इंजेक्टरना दाबाने पेट्रोल देणारा) असा लाखांतला खर्च सांगितलाय. तर आधी क्लच करू की पंप?

दोन्ही थांबवा. आधी प्लग काढा.

चेष्टा करत नाहीये. बूस्ट, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब, वाढवला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि जितका दाब जास्त तितकं ठिणगीला प्लगच्या फटीतून उडी मारणं अवघड. कमी आरपीएमला, हलक्या पायाला सगळं छान चालतं. पूर्ण बूस्टवर मात्र ठिणगी मध्येच विझते आणि गाडी तुम्ही म्हणता तशी ताड-ताड-ताड करते. स्टेज टूवर मी फट ०.६ मिलिमीटरच्या आसपास ठेवतो, एक घर थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग घेतो आणि २० हजारांच्या पुढे ताणत नाही. फीलर गेज नाना पेठेत शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. फट जुळवताना बाजूची पट्टी हलवायची, मधल्या इरिडियमच्या बारीक सुईला हात लावायचा नाही, ती मोडते. नवे प्लग खोक्यातून काढून तसेच बसवणारे फिटर मी भरपूर पाहिलेत. खोक्यातला प्लग कंपनीच्या बूस्टसाठी असतो, तुमच्या नाही.

मिसफायर आणि क्लच स्लिप यांतला फरक काट्यावर दिसतो. शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्याला फक्त आरपीएमकडे बघायला सांगा. गाडी झटके देताना काटा जागच्या जागी थरथरत असेल आणि वेग तुटक-तुटक वाढत असेल तर आग नीट लागत नाहीये. काटा एकदम चारपाचशेने पुढे पळाला आणि गाडी मात्र मागेच राहिली, तर क्लच सुटतोय. तुम्ही ‘झटके’ लिहिलंय, ‘आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही’ असं लिहिलेलं नाही. म्हणून माझा संशय आधी प्लग आणि त्याला वीज देणाऱ्या कॉइलवर आणि मग पेट्रोलच्या दाबावर आहे. क्लचचा नंबर त्यानंतर.

प्लग काढल्यावर चारही सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवा. तिथेच तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं अर्धं उत्तर मिळेल. एखादाच प्लग ओला, काळा, तेलकट असेल तर त्या एका सिलिंडरची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघावी लागेल. चारही थोडेथोडे तेलकट असतील तर ऑइल इनटेकच्या वाटेने येतंय, म्हणजे पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत इनटेककडे नेणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बो.

आता ऑइल. या इंजिनाला हजार किलोमीटरमागे अर्ध्या लिटरपर्यंतचा खप कंपनीच्या हिशोबात चालतो. तुमचा आकडा बरोबर त्या काठावर आहे, म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये ‘नॉर्मल है’ असं ऐकून तुम्ही परत आला असाल. कागदावर बरोबर असलं तरी ६४ हजारांवर मला ते पटत नाही. पीसीव्हीची घरगुती तपासणी करा: इंजिन गरम, आयडलवर, बॉनेट उघडून ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर वहीचा एक कागद ठेवा. कागद अलगद चिकटला तर ठीक. झाकण काढतानाच आतून ओढ लागली, कागद खसकन आत खेचला गेला, किंवा झाकण काढायच्या आधी बारीक शिट्टी वाजत होती आणि काढल्यावर थांबली, तर पीसीव्हीतला रबरी पडदा फाटलाय. आख्खं युनिट बदलायचं, वरच्या बाजूलाच असतं, तासाभराचं काम. बहुतेक वेळा ऑइल पिणं तिथेच निम्म्यावर येतं. पडदा शाबूत निघाला तर टर्बोचा इनटेक पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवून बघा. वर-खाली किंचित हालचाल चालते, चाकाची पाती घराला घासल्याच्या खुणा चालत नाहीत.

कॅच कॅन (त्या वाफेतलं ऑइल अडवणारा डबा) लावू का, हा प्रश्न याच्या पाठोपाठ येतोच. लावा, पण दर दोन आठवड्यांनी रिकामा करणार असाल तरच. पावसाळ्यात त्यात दुधट कॉफीसारखा चिखल साचतो. तो काढायचा आळस केला तर नसलेला बरा.

ऑइल बदलायचं अंतर किलोमीटरवर ठरवू नका. तुमचाच हिशोब घ्या. चांदणी चौक, बाणेर, वाकडचा पूल धरून सकाळ-संध्याकाळ सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर पडत असेल तर १५ हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाचे ८३० तास झाले. तीच गाडी सोलापूर रोडला ताशी ६० च्या सरासरीने धावली तर १५ हजाराला २५० तास लागतात. पुस्तकात दोघांनाही एकच अंतर लिहिलंय. मी पुण्याच्या रोजच्या गाडीला सात-साडेसात हजारावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतो, रिमॅप असो वा नसो. ऑइल ५डब्ल्यू-४०, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० ची मान्यता छापलेली. नव्या गाड्यांसाठी आलेलं पातळ ०डब्ल्यू-२० यात घालू नका, कुणी मायलेजचं आमिष दाखवलं तरी. शक्यतो एपीआय एसपी दर्जाचं बघा. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत कमी आरपीएम आणि जास्त भार असताना मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं, त्याची चाचणी या दर्जात धरलेली आहे. त्या अवेळी पेटण्याने पिस्टनच्या कडा तुटतात. स्टेज टू गाडीत सहाव्या गिअरला दीड हजार आरपीएमवर मॅन्युअल मोडमध्ये पाय गाडणं हे त्याला दिलेलं निमंत्रणच. एक-दोन गिअर खाली घ्या आणि मग पळवा.

ऑइलचं तापमान डिस्प्लेवर दिसतं, ते बघायची सवय लावा. पाण्याचा काटा पाच मिनिटांत ९० वर जातो आणि माणूस फसतो. ऑइलला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. तुम्ही कोथरूडमधून निघून चांदणी चौकाच्या चढाला लागता तेव्हा ऑइल जेमतेम कोमट असतं, आणि नेमका तोच चढ सगळ्यांना पाय दाबायला आवडतो. ८० च्या आत अर्धाच पाय. ताम्हिणीत ११०-११५ दिसलं तर काळजी नको, १३० दिसलं तर पाय काढा.

एक धोका पुस्तकात नाही, पण आपल्या रस्त्यांवर जागोजागी आहे. या इंजिनाच्या ऑइल पॅनचा खालचा भाग प्लास्टिकचा असतो, ड्रेन प्लगही प्लास्टिकचा. स्प्रिंग बदलून गाडी खाली घेतलीत आणि सोसायटीच्या दारातला हाताने थापलेला स्पीडब्रेकर लागला, की पॅन तडकतो. बारीक तड असेल तर थेंबथेंब गळून आठ दिवसांनी दिवा लागतो. जाड सम्प गार्ड लावा. ड्रेन प्लग दरवेळी नवा घ्या, त्याची सील त्यातच असते. जुनाच पिळून बसवला की घाम फुटल्यासारखं ऑइल झिरपत राहतं.

आता गिअरबॉक्स. इथे जरा जास्त वेळ घेतो, कारण याच बाबतीत मी स्वतः पोळलोय.

तुमच्यात सहा गिअरचा डीक्यू २५० आहे, ओल्या क्लचचा. (पोलो जीटी किंवा १.८ ऑक्टाव्हियातला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीक्यू २०० वेगळा. तो २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. त्याच्यावर स्टेज टू करायला आलेल्या पोरांना मी चहा पाजून परत पाठवतो.) तुमच्या गिअरबॉक्समध्ये क्लच, गिअर आणि मेकॅट्रॉनिक्सचे (गिअर-क्लच चालवणाऱ्या युनिटचे) व्हॉल्व्ह हे सगळं एकाच ऑइलमध्ये बुडालेलं असतं. क्लचची झिजलेली भुकटी त्याच ऑइलमधून सोलेनॉइडपर्यंत पोचते. म्हणून ६० हजाराला ऑइल आणि फिल्टर बदलायला सांगितलंय, आणि तेही मूळच्या ३५० न्यूटन-मीटरसाठी. तुमच्या मॅपने तो आकडा सव्वाचारशे-साडेचारशेवर नेलेला असणार. अशा गाडीला मी ४० हजार सांगतो. तुम्ही ६४ वर आहात.

काम दिसायला सोपं आहे. ड्रेन प्लग काढायचा, आतली प्लास्टिकची नळी काढायची, ऑइल ओतू द्यायचं, नळी परत लावायची, फिल्टर बदलायचा, खालून साधारण पाच लिटर भरायचं. खरी गोम पातळी जुळवण्यात आहे. इंजिन चालू ठेवून, गिअर सगळे फिरवून, ऑइलचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना नळीतून जास्तीचं ऑइल बाहेर पडू द्यायचं. धार थेंबांवर आली की प्लग बंद. तापमान स्कॅनरवर बघायचं, हाताने चाचपून नाही. ऑइल जास्त तापलेलं असेल तर ते फुगलेलं असतं, नळीतून जास्त बाहेर पडतं, आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्स उपाशी राहतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी माझ्याच गाडीचं हे काम मे महिन्यात, दुपारी तीनला, पत्र्याच्या शेडखाली केलं. ऑइलचा डबाच उन्हाने गरम, गिअरबॉक्स तर सकाळपासून चालवलेला. इंजिन चालू करून गिअर फिरवेपर्यंत आकडा ४५ च्या पुढे गेला होता. मी म्हटलं, पाच-सात अंशांनी काय होतंय. चार दिवसांनी वरंधा घाटात, भोरकडून चढताना दुसऱ्या गिअरला गाडीने दोनदा हिसका दिला, डिस्प्लेवर पाना लुकलुकला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. तशीच रांगत खाली आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे थंड गाडीवर पातळी तपासली तर ऑइल कमी होतं. क्लच वाचले, माझं नशीब. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये हे काम मी सकाळी साताच्या आत उरकतो. रात्रभर गाडी उभी आणि ऑइलचे डबे आत सावलीत. तुमच्या मिस्त्रीला तापमान किती होतं ते विचारा आणि स्कॅनरचा फोटो मागा. फोटो देता येत नसेल तर दुसरा मिस्त्री शोधा.

ऑइलनंतर क्लचचं अ‍ॅडॅप्टेशन (स्कॅनरने क्लचची नव्याने जुळणी) करून घ्या आणि मग लॉग, म्हणजे गाडी चालताना स्कॅनरवर आकड्यांची नोंद, काढा. इंजिनाचा आरपीएम आणि गिअरबॉक्सच्या दोन्ही इनपुट शाफ्टचे आरपीएम एकत्र. गिअर पूर्ण पडल्यावर इंजिन आणि त्या गिअरचा शाफ्ट जवळपास एकाच रेषेत चालले पाहिजेत. पूर्ण भाराला दीड-दोनशेची फट पडून ती टिकत असेल तर स्लिप खरी. तरीही लगेच क्लच पॅककडे धावू नका. इंजिनाचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सला सांगतो की मी इतका टॉर्क देतोय, आणि गिअरबॉक्स त्यानुसार क्लच दाबून धरतो. बरेच स्वस्त मॅप हा आकडा खोटा सांगतात: इंजिन देतंय ४३०, सांगतंय ३५०. मग गिअरबॉक्स बिचारा ३५० पुरताच दाब ठेवतो आणि क्लच घसरतो. हे सॉफ्टवेअरने सुटतं. मॅपमधलं टॉर्क मॉडेल नीट करून घ्यायचं आणि गिअरबॉक्सचाही जोडीचा मॅप टाकायचा. एवढं करूनही घसरला तर क्लच पॅक बदला, तेव्हा माझी हरकत नाही.

बाकी ड्राइव्हट्रेनचं दोन ओळीत: खालचा इंजिन माउंट बघा, रबर चिरलं असेल तर गिअर बदलताना होणारा धक्का तिथलाही असू शकतो. ड्राइव्हशाफ्टचे बूट पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासा. एकदा चिखल आत गेला की जॉइंट गेलाच.

पेट्रोलचा भाग सध्या सगळ्यात जास्त वादाचा. तुमची गाडी २०१८ ची, म्हणजे ई२० च्या (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) आधीची. देशात ई२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि आता सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉल आपल्याच उसाचं आहे, त्यामुळे शिव्या देताना जरा आवाज खाली ठेवावा लागतो. पण गणित समजून घ्या. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढीच हवा जाळायला शुद्ध पेट्रोलपेक्षा आठ-नऊ टक्के आणि ई१० पेक्षा चार-पाच टक्के जास्त इंधन ढकलावं लागतं. कंपनीच्या मॅपवर पंपाला एवढी मोकळीक असते. स्टेज टूने ती आधीच खाल्लेली असते. मग वरच्या आरपीएमला रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतला) दाब पडतो, मिश्रण पातळ होतं आणि झटके येतात. तुमच्या तक्रारीचं हे दुसरं संभाव्य कारण, आणि यात इथेनॉलला दोष देण्याआधी मॅप कोणत्या पेट्रोलवर बसवला होता ते बघायला हवं. तुमचा १०० ऑक्टेनवर बसवलेला आहे. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं, पण ते मोजक्याच पंपांवर मिळतं आणि दर टाकीला तुम्ही ते भरत नसणार. साध्या पंपावर भरता तेव्हा ऑक्टेनही बदलतं आणि हवेचं प्रमाणही.

म्हणून लॉगमध्ये रेलचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी-शेजारी घ्या. या इंजिनात पूर्ण भाराला २०० बारच्या आसपास मागणी असते. पाच हजारांच्या वर प्रत्यक्ष दाब वीस-तीस बारने खाली येत असेल तर इंधन कमी पडतंय. पण वरच्या मोठ्या पंपाला आधी टाकीतला छोटा पंप पाजतो. त्याचाच दाब ढासळत असेल तर लाखभराचा हाय प्रेशर पंप बसवूनही तो उपाशीच राहणार. टाकीतला पंप आणि फिल्टर आधी. तुम्हाला खर्च सांगणाऱ्या गॅरेजने लो प्रेशर मोजला होता का, एवढंच विचारा.

सोबत चारही सिलिंडरचं नॉक रिटार्ड (अवेळी पेटणं टाळायला कॉम्प्युटर ठिणगी किती अंश मागे घेतो तो आकडा) घ्या. एखाद्या सिलिंडरला अधूनमधून दोनेक अंश मागे येत असेल तर सोडून द्या. चारही सिलिंडर सतत चार-पाच अंश मागे घेत असतील तर मॅप या पेट्रोलला झेपत नाही. तो खाली आणायला सांगा: साध्या पंपाच्या पेट्रोलवर बसवलेला स्टेज वन. ताकद थोडी कमी वाटेल, पण ती रोज मिळेल. दिवाळीत दोन आठवडे गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत ओलावा धरतो.

महाबळेश्वरबद्दल एक गोष्ट, जी मुंबईच्या ट्यूनरला सहसा सुचत नाही. पुणं ५६० मीटरवर आहे, समुद्रसपाटीपेक्षा हवेचा दाब सहा-सात टक्के कमी. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास, तिथे चौदा-पंधरा टक्के कमी. मॅप जर ‘काहीही करून एवढा दाब द्या’ असं मागत असेल तर वरच्या विरळ हवेत टर्बोला तो गाठायला कितीतरी जास्त फिरावं लागतं. शाफ्ट, सील, तापमान सगळ्यावर ताण, आणि ऑइल पिणंही तिथूनच सुरू होऊ शकतं. पसरणीच्या चढाला पूर्ण पाय रोजचा नको. उंचीनुसार बूस्ट कमी करणारा तक्ता मॅपमध्ये आहे का, ते ट्यूनरला विचारा. पैसे एका जागी घालायचेच असतील तर मी मोठा इंटरकूलर (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणारा) घेईन. वाकडच्या सिग्नलला मे महिन्यात आत जाणारी हवा साठ अंशांना टेकते, तिथे बाकी कुठलाही भाग एवढा उपयोगी पडत नाही.

तुमच्या किलोमीटरला इनटेक व्हॉल्व्हवर कार्बनही जमलेला असणार. सकाळी थंड गाडी सुरू करताना अर्धा मिनिट अडखळते का? अडखळत असेल तर मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याने साफ करून घ्या. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी तो कार्बन निघत नाही, कारण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल त्या व्हॉल्व्हवर पडतच नाही.

कायद्याचं सांगायलाच हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही, आणि अपघातात विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवू शकते. डाउनपाइपमध्ये कॅट (धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर) काढलेला असेल तर पीयूसीचाही प्रश्न येतो. मूळ डाउनपाइप विकला नसेल अशी आशा आहे.

लॉग रस्त्यावर काढायचा तर दुसऱ्या गिअरमध्ये, मोकळ्या चढावर, पहाटे. तिसऱ्या-चौथ्याचा पूर्ण ओढा डायनोवरच (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) घ्या. त्या गिअरला सहा हजार आरपीएम म्हणजे द्रुतगती मार्गाची १०० ची मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते, आणि वर कॅमेरे आहेत. या आठवड्यात प्लग आणि कागदाची तपासणी करा, रविवारी सकाळी गिअरबॉक्सचं ऑइल. चारही प्लगचा फोटो पाठवा, सिलिंडरच्या क्रमाने, टोकं कॅमेऱ्याकडे करून, सावलीत काढलेला. फ्लॅशमध्ये रंग कळत नाही.